फिर्मँच्या पिवळ्या पट्ट्या

आमच्या ब्रेसोल गावची फेरी अगदी सोपी आहे. चर्चच्या पायरीपासून निघायचं, धुण्याच्या घाटावरून लोआर नदीच्या काठी उतरायचं, पॉप्लरच्या राईतून पुढे जायचं, द्राक्षमळ्यांच्या कडेनं वर यायचं आणि कबरस्तानाला वळसा घालून माझ्या कॅफेच्या दारात परत. वाट चुकू नये म्हणून झाडांवर, खांबांवर, भिंतींच्या कोपऱ्यांवर पिवळ्या पट्ट्या रंगवलेल्या असतात. फाटा फुटला की योग्य वाटेवर पट्टी आणि चुकीच्या वाटेवर फुली. सरळ रस्त्यावर उगाच पट्ट्या मारत सुटायचं नाही, असा आमच्या पायवाट मंडळाचा नियम आहे.

या पट्ट्या मारायचं काम फिर्मँ बोद्रीकडे होतं. फिर्मँ जन्मभराचा रंगारी. गावातल्या निम्म्या खिडक्यांची दारं त्याच्या हातची, म्हणून निवृत्त झाल्यावर मंडळानं ब्रश त्याच्याच हातात दिला. माणूस अबोल. शाळेत तो माझ्याच वर्गात होता, आणि उत्तर येत असलं तरी उभा राहून बुटांकडे बघत राहायचा. त्याची बायको सोलांज अगदी उलट. ती शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करायची आणि तिच्या तोंडाला क्षणाची उसंत नसायची. कुठल्या पोराला काय आवडत नाही हे तिला पाठ, आणि ते पोर बाप झालं तरी ती चारचौघांत विचारायची, "काय रे, गाजर खातोस का आता, की अजून टेबलाखालीच टाकतोस?"

दोन वर्षांपूर्वी फिर्मँनं पट्ट्या वाढवायला सुरुवात केली. आधी राईत दोन-चार जास्तीच्या दिसल्या. मग झाडागणिक एक. मग पूर्वीपेक्षा खाली, छातीच्या उंचीवर, तळहाताएवढ्या रुंद. उन्हाळ्यापर्यंत सबंध फेरीभर एक पट्टी नजरेआड होण्याआधी दुसरी दिसायला लागली. गावाला करमणूक झाली.

"फिर्मँ, घाटाजवळचं एक झुडूप राहिलंय बघ तुझं!"

"गाईंनाही मार रे एकेक पट्टी, संध्याकाळी आपापल्या घरी येतील."

फिर्मँ ग्लासातली वाइन संपवायचा आणि म्हणायचा, "रंग उरला होता." एवढंच.

त्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला ते आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्हीही आमच्यासारखे हसत बसाल. सोलांज विसरायला लागली होती. आधी नावं गेली, मग दिवस, मग घरातल्या वस्तूंच्या जागा. बोलणं मात्र तसंच राहिलं, त्यामुळे बाहेरच्याला काही जाणवायचं नाही. तिनं मला दर वेळी "बाई गं" म्हणून हाक मारली तरी मला तो लाडच वाटायचा. एकदा ती आपल्याच गल्लीत हरवली, तेव्हा नान्त शहरात राहणारी त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, ती एकटी बाहेर जाऊ शकत नसेल तर तिला वृद्धाश्रमात ठेवायला हवं."  फिर्मँनं रंगाचा डबा उचलला. पिवळा रंग तिला कळत होता. एक पट्टी दिसली की ती तिथं जायची, हात लावायची, मान वर करून पुढची शोधायची. फेरी गोल आहे, त्यामुळे पट्ट्या धरून चालणारा माणूस परत घरीच येतो. रोज सकाळी ती एकटी निघायची आणि परत यायची, आणि जोवर ती परत येत होती तोवर तिला कुणी घराबाहेर काढू शकत नव्हतं.

हे त्यानं आम्हाला सांगायला नको होतं का? मला त्याचा अजूनही राग येतो. पण आमच्या गावात माणसं छपराची गळती शेजाऱ्याला दाखवतील, बायकोची नाही दाखवणार.

आता मंडळाचं ऐका. मंडळाचा प्रमुख ओरेलियँ, निवृत्त पोस्टमन, मनानं लोणी. पुढच्या वसंतात जिल्ह्याची माणसं फेरी तपासायला येणार होती. फेरी पसंत पडली तर तिचं नाव माहितीपत्रकात छापलं जाणार, पर्यटक येणार. आणि नेमकं तेव्हा सगळ्यांना समजलं की फिर्मँला मोतीबिंदू झालाय, नोव्हेंबरात ऑपरेशन आहे. ओरेलियँनं माझ्या काउंटरवर हात आपटला.

"अरे देवा! म्हणजे बिचाऱ्याला आपणच मारलेली पट्टी दिसत नव्हती! म्हणून पुन्हा पुन्हा मारत होता!"

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. मग ठरलं की त्याला लाजवायचं नाही. तो ऑपरेशनला शहरात गेला की त्याच्या माघारी जास्तीच्या पट्ट्या पुसून टाकायच्या. नियमात बसतील तेवढ्याच ठेवायच्या. परत येईल तेव्हा डोळाही स्वच्छ आणि वाटही स्वच्छ.

त्या सोमवारी धुकं होतं. बसमध्ये चढण्याआधी फिर्मँ माझ्याकडे आला.

"सोलांज फेरी मारून तुझ्याकडे येईल. तिला सूप दे."

"देते की. तू डोळ्याचं बघ."

"राखाडी रंगाचं स्वेटर घातलंय तिनं," तो म्हणाला. मला हसू आलं, मी काय तिला ओळखणार नव्हते? तो आणखी काहीतरी बोलेल असं वाटलं, पण ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

बस गेली आणि ओरेलियँची माणसं निघाली. तारेचे ब्रश, करड्या-तपकिरी रंगाचे डबे, बायकांनी बांधून दिलेले पाव. झाडाच्या सालीला मिळताजुळता रंग मिसळायचा आणि पट्टी झाकून टाकायची. काम इतकं मन लावून केलं की जवळ जाऊन बघितलं तरी तिथं कधी पिवळं होतं हे कळू नये. सोलांज घाटावर त्यांच्या मागून आली. ती हसून म्हणाली, "काय, सगळे एकदम कामाला लागलात?" कुणीतरी तिला पावाचा तुकडा दिला. ती खात खात मागे राहिली. हे पुढे झाडाझाडावरची पट्टी पुसत गेले आणि ती त्यांच्या मागून चालत होती. मी तिथं नव्हते, तरी आजही रात्री डोळे मिटले की मला तेच दिसतं.

दुपारी सगळे मळ्यातून आडवाटेनं माझ्याकडे आले, खुशीत. मी बाटल्या उघडल्या. भोपळ्याचं सूप मी दोनदा गरम केलं. सोलांज आली नाही. मला वाटलं, दमून परस्पर घरी गेली असेल. घरी जाऊन दार वाजवलं तर उत्तर नाही. मग मळ्यात बघितलं, चर्चमध्ये बघितलं, कुठंच नाही.

तेवढ्यात संध्याकाळची बस आली. फिर्मँ उतरला, एका डोळ्यावर पांढरी पट्टी. माझ्या तोंडाकडे बघूनच त्याला कळलं.

"कुठंय?"

"फेरीला गेली ती आली नाही. काळजी करू नकोस, वाट तर एकदम छान झालीय, ओरेलियँनं आज तुझ्या जास्तीच्या सगळ्या पट्ट्या…"

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत फिर्मँ धावत सुटला.   या वयात, एका डोळ्यानं, धुक्यात. आम्ही कंदील, टॉर्च घेऊन मागे. राईत पोचल्यावर तो एकेका झाडाला हात लावत थांबायला लागला, आणि धापा टाकत तिथंच त्यानं मला सगळं सांगितलं. आयुष्यात इतकी वाक्यं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. ओरेलियँ माझ्या शेजारी उभा होता. तो झाडाला टेकून मुलासारखा रडायला लागला.

राईतून नदीकडे लाकडं ओढायच्या तीन-चार वाटा फुटतात. त्यातल्या एका वाटेच्या टोकाला मासेमाऱ्यांच्या होड्या बांधलेल्या असतात. एका होडीच्या काठावर पिवळा पट्टा आहे. सोलांज त्या होडीत बसली होती. कमरेपर्यंत भिजलेली, एका पायात बूट नाही, आणि तळहात त्या पट्ट्यावर घट्ट दाबून धरलेला. फिर्मँ पाण्यात उतरला.

"अहो, बरं झालं तुम्ही आलात," ती दात वाजवत म्हणाली. "हा एक सापडला. याच्या पुढचा कुठं दिसत नाही."

ती वाचली. छातीत कफ झाला, तोही उतरला. पण मुलगी नान्तहून आली, डॉक्टर आले. नाताळाआधी सोलांजला शहरातल्या वृद्धाश्रमात नेलं. तिची बॅग भरताना मी होते. ती प्रत्येक कपडा हातात घेऊन "किती छान, कुणाचा गं हा?" असं विचारत होती आणि फिर्मँ दर वेळी सांगत होता, "तुझा."

ओरेलियँ माफी मागायला गेला. दारातच टोपी चुरगाळत उभा राहिला. फिर्मँनं त्याला आत घेतलं, खुर्ची दिली, कॉफी ठेवली. शेवटी म्हणाला, "झाडाची साल अगदी हुबेहूब जमली रे तुम्हाला. मला नसती जमली." त्याला टोमणा मारायचा नव्हता. पण टोमणा असता तर ओरेलियँला सोसला असता. त्यानंतर त्यानं मंडळ सोडलं.

वसंतात तपासणीची माणसं आली आणि आमची फेरी पसंत पडली. माहितीपत्रकात लिहिलंय, सोपी, मुलाबाळांसह जमण्याजोगी, खुणा नेमक्या. रविवारी पर्यटक येतात, माझ्याकडे बसतात, वाट किती सुंदर आहे ते सांगतात. मी त्यांना कॉफी देते आणि आत जाऊन भांडी आपटते. बिचाऱ्यांचा काय दोष?

फिर्मँ दर गुरुवारी बसनं तिच्याकडे जातो. परवा मीही त्याच्याबरोबर गेले. आश्रमाच्या मागे लहानशी बाग आहे, तिच्या कडेनं फरसबंद वाट. सोलांजनं त्याचा हात धरला आणि दोघं चालायला लागले. ती सारखी बोलत होती, सूपबद्दल, पावसाबद्दल, कुठल्याशा पोराच्या गाजरांबद्दल. मी मागून चालत होते.

"तुम्ही चालता छान हो," ती त्याला म्हणाली. "बोलत मात्र काहीच नाही."

"तुम्ही बोला. मी ऐकतो."

अर्धी बाग झाल्यावर ती एकदम थांबली. हात सोडवून घेतला, केस सारखे केले.

"मला आता निघायला हवं. फार उशीर झाला. माझा नवरा घरी असेल."

"तो वाट बघेल," फिर्मँ म्हणाला.

"छे हो, तुम्हाला नाही माहीत तो." ती आल्या वाटेकडे वळून बघायला लागली. "तो कुणाला काही सांगत नाही. मी दिसले नाही की एकटाच शोधत फिरतो. मग कोण बघणार त्याच्याकडे?"

मला तिथं उभं राहवेना, म्हणून मी गुलाबांकडे तोंड केलं. मागून फिर्मँचा आवाज आला.

"चला. मी सोडतो तुम्हाला घरी."

तिनं पुन्हा त्याचा हात धरला, आणि ती दोघं उरलेली अर्धी बाग चालून गेली.