गाळात ठेवलेल्या मरळी

समुद्रातले मोठे शिकारी मासे मी फक्त टीव्हीवर पाहिलेत. आमच्या शिरूर कासारकडच्या तळ्यात दरारा होता तो मरळीचा. बेडूक, लहान मासे, पाणपाखराचं पिल्लू, तिला काहीही चालायचं. मच्छीमार सोसायटीनं सोडलेलं कटला माशाचं बीज ती फस्त करायची, म्हणून बाकीचे सभासद तिच्यावर खार खाऊन असत. वडील मात्र तिच्या बाजूचे. पिलांच्या घोळक्याखाली नर-मादी राखण करत असताना तिथं जाळं टाकायचं नाही, हा त्यांचा हट्ट. लोक त्यांना मरळीचा मामा म्हणायचे. त्यांना ते आवडायचंच.

दुष्काळात तळं आटलं. चिखल तेवढा उरला, तेव्हा सभासद शेवटच्या मरळी हातानं काढायला निघाले. वडील आडवे आले. ओल्या गाळात मरळ दडून राहते आणि पावसात उठते, हे आम्हा मासेमार भोयांच्या घरात सगळ्यांनाच माहीत.

"बी म्हणून ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. कधी नव्हे ते सगळ्यांनी ऐकलं. मग निम्म्या गावाबरोबर आम्हीही ऊस तोडायला गेलो.

उन्हाळ्यात परतलो तर तळ्यात जेसीबी. गाळ काढायची मोहीम आली होती. ज्याला हवा त्यानं शेतात टाकायला फुकट न्यावा. वाईट कुणीच करत नव्हतं, म्हणून तर भांडायचं कुणाशी ते कळेना. वडिलांनी मशीन थांबवून सांगितलं की खाली मासे आहेत. ड्रायव्हर हसला. ट्रॅक्टरवालेही हसले. मला त्या सगळ्यांचा इतका राग आला की आजही येतो.

वडील शेतोशेती ढेकळं फोडत फिरले. आईनं टँकरचं प्यायचं पाणी घमेल्यात ओतून दिलं. ते घेऊन मी त्यांच्या मागे. मरळी सापडत होत्या, वाळलेल्या, काही फाळानं तुटलेल्या. एक तोंड हलवत होती. घमेल्यात टाकली, तर घरी पोहोचेपर्यंत पोट वर करून उलटी झाली.

सोसायटीतला एकजण वाटेत भेटला. तेव्हाच काढल्या असत्या तर निदान खाल्ल्या तरी असत्या, म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती.

"म्याच ठिवल्या त्या तिथं," वडील म्हणाले.

त्या पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं. सगळं गाव नारळ घेऊन पाण्यावर गेलं. वडील घरीच बसून राहिले.