मटारच्या करंज्या आणि एक छोटी सही

किस्से साठतात कसे, हे मला आता कळलंय. घरी ऐकायला माणूस असलं की दिवसाचा किस्सा संध्याकाळच्या चहाबरोबर संपतो. माझी बायको सुनंदा गेली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून माझा चहा एकाच कपात होतो, आणि किस्से उरतात. आज करंज्यांचे काढतो. गोड नव्हे, मटारच्या!

मी मूळचा देवगडकडचा. सिल्वासात सरकारी ऑफिसात कारकुनी करत अठ्ठावीस वर्षं काढली. आमच्या डब्याच्या टेबलावर तिघंच. मी, जळगावकडचे पाटील, जे मुलांपेक्षा गावच्या दोन म्हशींबद्दल जास्त बोलतात, आणि हंसाबेन, ज्या क्वार्टर्समध्ये बरोबर माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. हंसाबेनना मराठी येतं. म्हणजे त्यांना तसं वाटतं आणि आम्हाला समजतं.

* * *

माझी मुलगी केतकी पुण्यात नोकरी करते. ती व्हीगन झाली, हे मी टेबलावर सांगितलं तो दिवस आठवतो.

"म्हंजे उपास का?" पाटलांनी विचारलं.

"उपास नाही हो. दूध नाही, दही नाही, तूप नाही. मधसुद्धा नाही."

"जैन थई गई?" हंसाबेन घाबरल्या.

"जैन दूध पितात, बेन."

पाटलांनी भाकरी खाली ठेवली. चेहरा एकदम पडला होता.

"पन भाऊ, आमच्या म्हशीनं तिचं काय वाकडं केलं?"

* * *

हा पुढचा किस्सा मी टेबलावर कधी सांगितला नाही, कारण यात हसं होतं ते माझंच.

सुनंदा गेल्यानंतर केतकी पहिल्यांदाच घरी आली होती. मला काही करता येत नाही, म्हणून मी बेकरीतून पॅटिस आणले, ते पापुद्र्यांचे, आत बटाटा-मटार. तिनं विचारलं, "बाबा, लोणी नाही ना यात? विचारलंत?"

"विचारलं," मी म्हणालो.

विचारलं नव्हतं. बेकरीत गर्दी होती, आणि बटाट्याच्या पॅटिसात कसलं आलंय लोणी, असं मला वाटलं. मी, ज्यानं एक कागद कमी आहे म्हणून लोकांचे अर्ज परत पाठवण्यात जन्म घालवला!

तिला पॅटिस इतके आवडले की परतीच्या प्रवासासाठी आणखी घ्यायला ती स्वतः बेकरीत गेली. आणि तिनं विचारलं. परत आली ती रिकाम्या हाती. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "बाबा, तुम्ही विचारलंच नव्हतं ना?"

गणपतीत आली तेव्हा तिच्या हातात तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा होता. दीड दिवस ती त्यातलंच जेवली. मी माझी खानावळीची भाजी खाल्ली. समोरासमोर, एकाच टेबलावर, बापलेक आपापले डबे उघडून! अंगत-पंगत म्हणायची का त्याला? ती गेल्यावर घर जेवढं रिकामं वाटलं, तेवढं ती यायच्या आधीही नव्हतं.

त्यानंतर ती सव्वा वर्ष आली नाही.

* * *

या जानेवारीत फोन आला. इथून जवळच, राखोलीच्या एका कारखान्यात तिचं सोमवारी काम होतं. रविवारी माझ्याकडे राहणार होती. "जेवणाचं मी माझं आणेन," तिनं लगेच सांगून टाकलं.

मी त्याच दिवशी ठरवलं, मटारच्या करंज्या करायच्या. तिला लहानपणी फार आवडायच्या. पण सुनंदा तुपाचं मोहन घालायची आणि कडा दुधानं चिकटवायची. मला दोन्ही टाळायचं होतं, आणि विचारल्याशिवाय काही घ्यायचं नव्हतं.

किराणा दुकानात तेलाची पिशवी हातात घेऊन मी विचारलं, "यात दुधाचं काही नाही ना?"

दुकानदारानं माझ्याकडे नीट पाहिलं. "काका, शेंगदाण्याचं आहे."

"हो, पण खात्री?"

"काका, शेंगदाणा दूध देत नाही!"

मग मैद्याचं विचारलं, रव्याचं विचारलं. मिठाचं विचारायला लागलो तेव्हा त्यानं मला खुर्ची दिली आणि पाणी आणून दिलं.

* * *

पहिला घाणा बुधवारी काढला. कढईत सोडली रे सोडली की करंजी तोंड उघडायची आणि मटार तेलभर पोहत सुटायचे. जे हाती लागलं ते डब्यात भरून ऑफिसात नेलं.

पाटलांनी झाकण उघडलं आणि आत डोकावून पाहिलं.

"सावंत भाऊ, ही करंजी हाये का पंचनामा?"

हंसाबेननी एक तुकडा उलटासुलटा करून पाहिला. "सारण ओलं छे. आणि एवढं भरायचं नाय, सावंतभाई! करंजी आहे, फाइल नाय!"

* * *

शनिवारी पुन्हा बसलो. करंजीच्या कडा कापायचं कातणं काही केल्या सापडेना. चमच्यांत नाही, लाटण्याजवळ नाही, वरच्या फळीवर नाही. अठ्ठावीस वर्षं ज्या घरात जेवलो त्या घरातलं कातणं कुठे असतं, हे मला माहीत नव्हतं. विचारायचं कोणाला?

शेवटी देवाजवळच्या वातींच्या डब्यात मिळालं. कातणं दिवाळीत लागतं, वाती तेव्हा जास्त लागतात, म्हणून दोन्ही एकत्र. सुनंदाचा हिशेब साधा होता. मलाच कधी कळला नाही.

आठ करंज्या केल्या. सात फुटल्या. आठवी कढईत पडली, फुगली, पलटली आणि अख्खी वर आली. मी झारा हातात धरून मोठ्यानं ओरडलो, "अगं, नाही फुटली!"

घरात कोणी नव्हतं. मी गॅस बंद केला. ती एक करंजी ओट्याशी उभ्यानंच खाल्ली आणि सात फुटक्या फ्रिजमध्ये ठेवल्या.

खाली हंसाबेनना माझी हाक ऐकू गेली असावी. वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "उद्या तुम्ही दीकरीला घ्यायला जा. करंज्या मी बनवते."

* * *

रविवारी सगळं मोजून ओट्यावर मांडलं. मैदा, रवा, कोरडं परतलेलं सारण, मोहनासाठी वाटीत तेल. हंसाबेनना दहादा सांगितलं, तूप नाही, दूध नाही. त्यांनी दहादा मान डोलावली.

एक कागदही तयार केला. वर 'मटार करंजी', खाली एकेक जिन्नस, प्रत्येकासमोर 'चौकशी केली', शेवटी माझी पूर्ण सही. मुलीसमोर तोंडी बोलण्याची हिंमत नव्हती, म्हणून कागद. दुसरं मला येतं काय!

केतकीला घेऊन आलो तर घरभर खमंग वास. ताटात पस्तीस करंज्या, एकही फुटलेली नाही, कडांना कातण्याची नक्षी. केतकी डबा टेबलावर ठेवून हात धुवायला गेली. हंसाबेननी पदर सारखा केला, माझ्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "इतक्या दिवसांनी दीकरी घरी आली, तिला तेलाचं काय खवडावायचं? मी घी नाखलं, चार चमचे. तिला बोलू नका, हं!"

आणि खुशीत जिना उतरून गेल्या. त्यांना काय बोलणार? त्यांच्या घरी मायेचं मोजमापच तुपात होतं.

न्हाणीतला नळ चालू होता. कोणाला काही कळणार नव्हतं. हंसाबेन बोलणार नव्हत्या, करंज्या बोलणार नव्हत्या. आणि कागदाखाली माझी सही होती.

आमच्याकडे एक पद्धत आहे. कागदावर खाडाखोड केली की शेजारी छोटी सही करायची, म्हणजे ती कोणी केली ते कळतं. मी खिशातलं पेन काढलं. 'मोहन' पुढचं 'तेल' खोडलं, 'तूप, चार चमचे' लिहिलं, आणि शेजारी छोटी सही केली.

केतकी आली, तिनं ताटाजवळचा कागद वाचला. करंज्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हे कधी कळलं?"

"आत्ता. तू हात धूत होतीस तेव्हा. हंसाबेननी घातलं, प्रेमानं."

"अच्छा." तिनं ताट हळूच बाजूला सरकवलं. मला वाटलं, आता डबा उघडणार.

"तुम्ही स्वतः केल्या होत्या का काही?"

"शनिवारच्या आहेत. पण फुटक्या. आणि गार."

"आणा."

फ्रिजमधल्या सातही तिनं खाल्ल्या. सांडलेले मटार बोटानं टिपून खाल्ले. यात काय काय आहे, हे विचारलं नाही.

* * *

सोमवारी ती राखोलीला गेली आणि तिकडूनच परस्पर पुण्याला. पस्तीस करंज्या मी डब्याच्या टेबलावर नेल्या. पाटलांनी सहा खाल्ल्या आणि टेबलावर थाप मारली.

"आता जमलं भाऊ! काय टाकलं यात?"

"तुमच्या म्हशीला विचारा."

हंसाबेन खाली मान घालून हसत होत्या.

संध्याकाळी घरी आलो. चहाचं आधण ठेवायला ओट्याशी गेलो तर तिथे केतकीचा तीन कप्प्यांचा डबा. घासून, पुसून, पालथा घातलेला. मी घाईघाईनं फोन लावला.

"अगं, तुझा डबा राहिला इथे! विसरलीस!"

"विसरले नाही, बाबा."