काटकसरीचा भोंगा

“आणखी काय कापता येईल, मॅडम?” मुख्याधिकारी साहेबांनी विचारलं, तेव्हा मी बैठकीतली बिस्किटं कापून बसले होते. त्याआधी सत्काराच्या शाली, नगराध्यक्षांचे फ्लेक्स आणि बागेतलं कारंजं कापलं होतं. कारंजं तसंही उडत नव्हतं. तरी तूट भरत नव्हती.

मी तुमसरच्या बाजूला एका लहानशा नगरपंचायतीत लेखापाल आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण अजून नोकरी तिथेच आहे. त्या वर्षी सरकारी अनुदान कमी आलं आणि घरटॅक्स कोणी भरेना. खर्च कमी करा, झालं, असं बाहेरच्यांना वाटतं. पण बजेटचा मोठा भाग ‘बांधील खर्च’ असतो. म्हणजे कायम कर्मचाऱ्यांचे पगार, पेन्शन, पाण्याच्या मोटारींचं वीजबिल. त्याला हात लावता येत नाही. मग उरतात बिस्किटं आणि कंत्राटी माणसं.

“सफाई कामगार निम्मे कमी करू,” साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण सांगलीकडून नवीनच आला होता आणि आमच्या भाजीबाजाराची गटार त्याने अजून पाहिली नव्हती.

ती गटार उपसणारी शेवंताबाई दारातच उभी होती. आमच्या ऑफिसात बातमी फाइलीच्या आधी पोचते.

“मॅडम, घरी मी एकटीच कमावणारी हाव जी,” ती म्हणाली. “मले काढलं त खावाचं काय?”

मला भयंकर राग आला. त्या रागातच बजेट पुन्हा उघडलं आणि नजर भोंग्यावर पडली. आमच्या छतावर विजेचा भोंगा आहे. सकाळी कामाला लागायचा, दुपारी जेवणाचा, जेवण संपल्याचा आणि संध्याकाळी सुटीचा. वाजवणाऱ्याचा ओव्हरटाइम, कायमची दुरुस्ती, शिवाय त्या वर्षी नवीन भोंगा घ्यायची बऱ्यापैकी जाडजूड तरतूद.

“साहेब, सगळ्यांच्या खिशात मोबाईल आहे. भोंगा कोणाला हवाय?” मी म्हटलं. साहेबांनी लगेच सही केली. शेवंताबाईचं काम निदान मार्चपर्यंत वाचलं आणि मी स्वतःवर खूश झाले.

पहिला फटका आम्हालाच बसला. दुपारी जेवायला गेलेला स्टाफ परत येईना. शिपायाला फोन केला, तर म्हणाला, “भोंगाच नाई झाला न जी.” मागे क्रिकेटची कॉमेंट्री चालू होती. तीही कोणाच्या तरी मोबाईलवरच.

खरा गोंधळ राईस मिलींमध्ये झाला. तिथे मालकाचं घड्याळ मजूर मानत नाहीत आणि मजुराचा मोबाईल मालक मानत नाही. भोंगा सरकारी, म्हणून दोघांना मान्य. बजेटच्या कुठल्याच रकान्यात हे लिहिलेलं नसतं.

आठवड्याभरात गोविंदशेठने आपल्या मिलीवर स्वतःचा भोंगा बसवला. रस्त्याच्या पलीकडे मनोहरभाऊची मिल. दोघांचं जुनं वाकडं. “त्याच्या भोंग्यावर माहे मजूर जेवतीन?” म्हणत मनोहरभाऊने त्याहून मोठा आणला आणि मुद्दाम पाव तास उशिरा वाजवायला लागला.

मजुरांनी एका दिवसात तोडगा काढला. पहिल्या भोंग्याला जेवायला उठायचं आणि शेवटच्या भोंग्याला कामावर यायचं. दोन्ही मिलींत. मजूर लवकर परतावेत म्हणून गोविंदशेठने भोंगा आणखी आधी वाजवला. मग हट्टाने मनोहरभाऊने आणखी उशिरा. पंधरा दिवसांत दुपारचं जेवण सकाळचा चहा पचायच्या आत सुरू होऊन उन्हं कलल्यावर संपू लागलं. शाळेतली पोरंही तेच दोन भोंगे पाळू लागली.

शेवटी दोघं शेठ एकाच वेळी ऑफिसात आले.

“मॅडम, याचा भोंगा बंद करा.”

“पहिले याचा करा जी!”

“दोन्ही बंद करू,” साहेब म्हणाले.

“मंग टाइम कोन सांगन? सरकारी भोंगा चालू करा!” दोघं एका सुरात ओरडले. इतक्या वर्षांत त्यांचं एकमत झालेलं मी प्रथमच पाहिलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. भोंगा चालू म्हणजे त्याचा खर्च चालू, आणि शेवंताबाई घरी. ती व्हरांडा झाडत होती. झाडू थांबला होता.

“पैसे नाहीत,” मी म्हटलं. “तुम्हा दोघांचा टॅक्स थकलाय.”

“ते पाहू न जी पुढं,” गोविंदशेठ म्हणाला. नेहमीचंच उत्तर.

मी वैतागून बोलून गेले, “मग असं करू. जो आधी भरेल, त्याच्या घड्याळाने सरकारी भोंगा वाजेल.”

दोघं एकदमच दाराकडे धावले आणि दारात अडकले.

त्याच दुपारी दोघांनी मागच्या बाकीसकट टॅक्स भरला. काउंटरवर पहिला नंबर कोणाचा, यावरून इतकी ढकलाढकली झाली की पावत्या मला एकदमच फाडाव्या लागल्या. त्यामुळे कोणाचंच घड्याळ लागू झालं नाही. सरकारी भोंगा मोबाईलच्या वेळेवर लावला आणि दोघांचे बंद केले.

“मॅडम, हे नियमात बसतं का?” साहेबांनी हळूच विचारलं.

“टॅक्स भरणं बसतं, साहेब.”

नवा भोंगा घेतलाच नाही, जुनाच दुरुस्त केला. एकाही कामगाराला काढावं लागलं नाही. शेवंताबाईला सांगितलं, तर तिने डोळे पुसले आणि लगेच विचारलं, “मंग मनोहरभाऊनं टॅक्स भरला, त तो मिलीचा कोंडा रस्त्यावर टाकते, तो आता मीच उचलू काय जी?”

रस्ते, पाणी, दिवे यांसाठी टॅक्स भरा म्हणून मी वर्षभर घरोघरी नोटिसा पाठवल्या. कोणी ढुंकून पाहिलं नाही. सरकारी भोंगा शेजाऱ्याच्या घड्याळाने वाजू नये म्हणून मात्र दोघांनी रोख भरला. हल्ली वसुलीचा अंदाज बांधताना गावात कोणाचं कोणाशी पटत नाही, हे मी आधी विचारून घेते.