तिच्या मुलीचा आवाज

मोखाड्याच्या शाळेत मी मराठी शिकवत होतो. कॉम्प्युटर आले तेव्हा ते सांभाळणार कोण, हा प्रश्न पडला. मला थोडी आवड होती, म्हणून ती खोलीही माझ्याकडेच आली. सगळ्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स होतं.

एकदा बाजाराच्या दिवशी सूर्यमाळकडच्या पाड्यावरची एक बाई दारात येऊन उभी राहिली. तिची मुलगी माझी विद्यार्थिनी. पुढे ती नर्स झाली, पाड्यापाड्यांवर फिरून लहान पोरांची वजनं घ्यायची. बाई आली त्याच्या थोडं आधी, पावसाळ्याच्या शेवटी, तिला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ती गेली.

"गुरजी," बाई म्हणाली, "मुंबईच्या लोकांनी पोरीला मशीनवर बोलताना धरलीय. तुमच्या खोलीत दिसंल म्हनतात."

मुंबईच्या कुठल्याशा संस्थेने मुलीचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला होता. त्या पानाचा पत्ता बाईने चिठ्ठीवर कुणाकडून तरी लिहून आणला होता. टेलिफोनच्या लाइनवर पान उघडायला बराच वेळ लागला. मग मुलगी दिसली. मांडीवर कुणाचं तरी बाळ, पदर खोचलेला. ती बोलत होती, पण आवाज नव्हता.

"होट हालतात," बाई म्हणाली. "आवाज नाय येत कं?"

"मशीनचा दोष आहे, मावशी. पुढच्या बाजाराला या. तोवर मी करतो."

आदल्या महिन्यात मी लिनक्सची नवी आवृत्ती टाकली होती. तिच्यात आवाजाची नवी यंत्रणा होती आणि जुनीही कुठे कुठे शिल्लक राहिली होती. साधी गाणी वाजत होती. ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणारं प्लगिन मात्र जुन्याच वाटेने आवाज पाठवायला बघायचं आणि मुकं राहायचं. दोन्ही जोडणारं एक छोटं सॉफ्टवेअर पॅकेज मिळालं. ते टाकायला गेलो तर मशीन म्हणे, याचं आधीच्या एका पॅकेजशी जमत नाही, ते काढावं लागेल. मी 'हो' म्हटलं. त्याच्याबरोबर आणखी कायकाय निघून गेलं आणि ते मशीन पुरतं मुकं झालं.

मुख्याध्यापक चिडले. "मुलांना शिकवायला दिलेत हे, गुरुजी. आवाज कशाला हवाय?"

शाळा सुटल्यावर मी पुन्हा त्याच मशीनसमोर बसलो.

पुढच्या बाजाराला ती आली. त्याच्या पुढच्याही. दोन्ही वेळा तिने मुलीचे हलणारे ओठ पाहिले आणि जीप धरायला गेली. जव्हारच्या सायबर कॅफेत तिला नेलं असतं तर त्याच दिवशी काम झालं असतं. मला ते सुचलं नव्हतं असं नाही. पण माझ्याच खोलीत, माझ्याच हातून व्हावं असा हट्ट धरून बसलो होतो. त्या हट्टापायी तिचे तीन बाजार गेले.

शेवटी दोष सापडला तो अगदी क्षुल्लक. प्लगिनच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या फोल्डरमध्ये पडल्या होत्या आणि ब्राउझर दर वेळी जुनीच उचलत होता. मी दोन्ही काढल्या, काढलेली पॅकेजं नीट क्रमाने परत बसवली, मग प्लगिनची एकच नवी प्रत टाकली. ब्राउझर सुरू केला आणि स्पीकरमधून बाळाचं रडणं आलं. मला एवढा आनंद झाला की पुढचं न ऐकताच मी पान बंद केलं. पहिल्यांदा तिच्या आईनेच ऐकावं, असं वाटलं.

चौथ्या बाजाराला बाई आली. तिच्या कानांवर हेडफोन ठेवला आणि मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरही चालू ठेवला. मुलगी बोलू लागली. "बाळाला सहा महिन्यांनंतर नाचणीची पेज द्यावी. त्यामुळे त्याचे पोषण होते."

बाई पडद्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"ही कोन बोलते?"

"तुमची मुलगीच, मावशी."

"नाचनी?" ती म्हणाली. "आमच्यात नागली म्हनतात. माजी पोर नागलीच म्हनायची."

मी पुन्हा लावलं. तिने डोळे मिटून ऐकलं. तोंड मुलीचं होतं, पण त्यातून येणारी भाषा तिने घरात कधी ऐकलीच नव्हती. मुलगी एकही शब्द चुकत नव्हती. बोलण्यातल्या 'होतं'च्या जागीही पुस्तकातलं 'होते' म्हणत होती.

ते सगळं मी शिकवलेलं होतं. सातवीत ती निबंध वाचायला उभी राहिली आणि 'नागली' म्हणाली, तेव्हा वर्ग हसला नव्हता, कारण सगळा वर्ग नागलीच म्हणायचा. हसलो होतो मी. "नागली नाही, नाचणी. म्हण दहा वेळा." तिने दहा वेळा म्हटलं होतं.

बाईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "चांगली बोलते ही, गुरजी. पन माजी नाय वाटत."

"मावशी, तीच आहे. शपथ घेऊन सांगतो."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. "व्हय, असंल," ती म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. मग बाजाराची पाटी उचलून जीपकडे गेली.

त्यानंतर ती खोलीत आली नाही. त्या व्हिडिओची नऊ मिनिटं मी कितीदा तरी ऐकली. एखादा घरचा शब्द निसटला असेल तर तेवढाच तिला ऐकवावा म्हणून शोधत होतो. एकही सापडला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पत्ता टाकला तर पान उघडेना. पान चालू होतं तेव्हाच मी ते मशीनवर उतरवून ठेवायला हवं होतं. सूर्यमाळला जाऊन, पोरीची ती भाषा मीच घडवली होती हे बाईला सांगावं असं बरेच दिवस मनात होतं, पण मी गेलो नाही.