दात नसलेला जबडा

मला पदवीपर्यंत पोचवलं ते माझ्या आत्यानं. आईवडील मजुरीला जायचे, तेव्हा मला भरवून शाळेत धाडणारी तीच. परवा फोनवर म्हणाली, "उरल्यालं दोन दातबी पडलं बघ. भाकरी चावंना. तुजा भाऊ, वहिनी रानात राबत्यात अन् मी नुसती बसून खाती. माजा आता काय उपेग रं?" मी हसून विषय बदलला. ते हसणं मला सलत राहिलं.

काल संग्रहालयात आदिमानवाचा एक जबडा पाहिला. त्यात एकही दात नव्हता. तिथं माहिती सांगणाऱ्या ताई म्हणाल्या, "दातांच्या खाचा हाडानं भरून आल्यात. म्हणजे दात पडल्यावरही हा बरीच वर्षं जगला."

मी काचेपाशी उभाच राहिलो. तेव्हा शेती नव्हती, भांडी नव्हती. तरी कुणीतरी रोज कंद ठेचून त्याच्यापुढे ठेवले असतील. त्यानंही कुठला कंद विषारी, उन्हाळ्यात पाणी कुठं, हे नातवंडांना दाखवलं असेल. माणसाचं आयुष्य कदाचित असंच लांबत गेलं, एकमेकांच्या हातून.

घरी येऊन पत्र लिहिलं:

"आत्या, आजीसाठी तू रोज खलबत्त्यात पान कुटायचीस. तिला कधी विचारलंस का, तुझा उपयोग काय म्हणून? रविवारी मी येतोय. तुझी भाकरी दुधात मी कुस्करीन. तू दादाच्या पोरांना बांधावर नेऊन कुर्डूची भाजी ओळखायला शिकव. मलाही ने. मी विसरलोय."