उजव्या मनगटावरचं घड्याळ

अण्णा घड्याळ दातांनी ऐकत. घड्याळ पुढच्या दातांत अलगद धरायचं, डोळे मिटायचे आणि मान किंचित वाकडी करून गप्प बसायचं. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांचे मीटर दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. तिथल्या ठोकाठोकीत कान अधू झाले, पण दात शाबूत राहिले. दातांतून टिकटिक थेट डोक्यात उतरते, असं ते सांगत. मी त्यांना पहिल्यांदा खिडकीतून पाहिलं तेव्हा हा म्हातारा घड्याळ खातोय की काय, अशी शंका मला आली होती.

मी तेव्हा नगरजवळ भिंगारमध्ये भाड्यानं राहत होते. माझी शाळा जवळच्या एका खेड्यात आणि यजमानांची पुण्याकडं. नवरा-बायकोला एका जिल्ह्यात आणणाऱ्या बदलीचा अर्ज दर वर्षी भरायचा आणि यादी लागली की दुसऱ्यांची नावं वाचायची, असं पाच वर्षं चाललं. अण्णांचं दार माझ्या दारासमोरच. यादी लागल्याचं माझ्या तोंडावरूनच त्यांना कळत असे. "मॅडम, तुमचं मशीन चांगलं हाय," ते म्हणत, "नुसते काटे बसायचे राहिल्यात." मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

त्यांना कुणी घड्याळजी म्हटलेलं मात्र खपत नसे. "मी घड्याळजी न्हाई. घड्याळजी पोटासाठी करतो, मला खाज हाय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. बाजारातून कुणी बंद पडलेलं घड्याळ घेऊन आलं, तर आधी ते चावीचं आहे का हे बघायचे. सेलवरचं असलं तर हात लावत नसत. त्याला ते घड्याळ न म्हणता खेळणं म्हणत. चावीचं असलं, तर मालकाला परत कधी मिळेल याचा भरवसा नसे, कारण दुरुस्ती हे नुसतं निमित्त होतं. खरी हौस उलटापालट करण्याची. एकाचं मशीन दुसऱ्याच्या डबीत, तिसऱ्याचे काटे चौथ्याला. माझं लग्नातलं घड्याळ मागं पडतं म्हणून दिलं होतं. महिन्यानं परत आलं, ते स्कूटरच्या मीटरच्या पत्र्यातून कापलेली हिरवी तबकडी आणि तिच्यावर ब्रशनं काढलेले देवनागरी आकडे घेऊन. मी चिडून बोलले, तर ते शांतपणे म्हणाले, "आधीचं कुनाच्याबी हातात हाय. असलं कुनाच्या हातात दिसलं तर मला सांगा." ते घड्याळ अजून माझ्या हातात आहे, आणि खरंच तसं दुसरं दिसलेलं नाही.

घड्याळ उघडं असलं की त्या खोलीत बोलायची चोरी. "श्वास तिकडं सोडा," असं ते खुणेनं सांगत. लष्कराचा तोफांचा सराव सुरू झाला की खिडक्यांच्या काचा थरथरत, मग अण्णा ट्रेवर स्टीलचं पातेलं उपडं घालून निमूट बसून राहत. एवढं करूनही एखादी केसाएवढी स्प्रिंग चिमट्यातून उडायचीच. अण्णा गुडघ्यावर, मी गुडघ्यावर, हातात बॅटरी. आणि पलंगावरून बाई सांगायच्या, "कपाटाच्या डाव्या पायाशी बघा." स्प्रिंग तिथंच असायची. दिवसभर कुशीवर पडून त्या फरशीला अण्णांपेक्षा जास्त ओळखत होत्या.

बाई म्हणजे अण्णांची बायको. मिशनच्या शाळेत उभा जन्म शिकवलं, त्यामुळं सगळं भिंगार त्यांना बाई म्हणायचं, अण्णासुद्धा. अण्णा जामखेडकडचे, बोलणं सगळं तिकडचं. बाईंची भाषा मात्र पाठ्यपुस्तकातली. निवृत्तीनंतर वर्षभरातच त्यांना लकवा झाला. वाचा हळूहळू परत आली, उजवी बाजू आली नाही. मी तिथं गेले तेव्हा या गोष्टीला चार वर्षं झाली होती आणि त्या चार वर्षांत अण्णा एका तासाच्या वर घराबाहेर राहिले नव्हते. दूध, औषधं, भाजी, की परत. रविवारची प्रार्थनाही अर्धी टाकून यायचे. पुतण्याचं लग्न जामखेडला होतं, तिथंही गेले नाहीत. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्यांचं उदाहरण देत. मीही फोनवर यजमानांना दोन-तीनदा दिलं.

आणि सेवा खरोखरच नजर लागण्यासारखी होती. बाईंनी मागायच्या आधी पाणी, कूस बदलायची वेळ मिनिटाला मिनिट धरून. दुपारी बाई झोपल्या की अण्णा त्यांच्या छातीकडं बघत बसत, श्वास मोजत. डोळे उघडले की बाईंना आधी अण्णांचा चेहरा दिसायचा. एकदा बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मला कुणी दातात धरलं नाही, एवढंच बाकी आहे." मी हसले. त्या हसल्या नाहीत, हे मला घरी आल्यावर जाणवलं.

बाईंच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी अण्णांनी चार महिने खपून एक घड्याळ केलं. बाई हात धड होते तेव्हा रोज सकाळी घड्याळाला चावी द्यायच्या. आता एका हातानं ते जमत नव्हतं आणि अण्णांनी चावी दिलेलं घड्याळ घालायला त्या तयार नव्हत्या. म्हणून अण्णांनी तोड काढली ऑटोमॅटिकची. असल्या घड्याळाला चावी लागत नाही. हात हलतो तसं आतलं वजन फिरतं आणि स्प्रिंग आपोआप भरते. कुठूनतरी एक जुनं मशीन मिळवलं, कानशीनं घासून बायकी डबीत बसवलं, शिंपल्याच्या गुंडीची तबकडी केली. इतकं देखणं घड्याळ मी दुकानातसुद्धा पाहिलं नव्हतं. डावा हात कामाला मोकळा हवा, म्हणून त्यांनी ते बाईंच्या उजव्या मनगटावर बांधलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बंद पडलं. अण्णांनी उघडलं, धुतलं, तेल दिलं, स्वतःच्या हातावर दोन दिवस चालवलं; चोख चाललं. बाईंच्या हातावर बांधलं, पुन्हा बंद. मग स्प्रिंग बदलली. मग वजनाचा खिळा बदलला. रात्रीचं जेवण राहिलं, चिडचिड सुरू झाली, मला म्हणाले की माल खोटा लागला. चौथ्यांदा त्यांनी मागचं झाकण उघडायला घेतलं तेव्हा मी तिथंच होते. बाई म्हणाल्या, "अहो, त्याला काही झालेलं नाही. हा हात हलत नाही."

अण्णांच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. इतकी वर्षं त्या हाताला रोज तेल चोळणाऱ्या माणसाला, तो हात चालत नाही ही एकच गोष्ट घड्याळापायी दिसली नव्हती. मला हसू येईल असं वाटलं होतं, पण आलं रडू. मी चहाच्या भांड्यांचं निमित्त करून आत गेले.

आठ दिवस त्यांनी चिमट्याला हात लावला नाही. नवव्या दिवशी बसले, ते एक साधं चावीचं मशीन घेऊन. ते डबीत उलटं बसवलं, म्हणजे चावी कोपराच्या बाजूला न येता बोटांच्या बाजूला यावी. तबकडीचे बारीक पाय कापून तीही फिरवून चिकटवली आणि खिशात ठेवायच्या जुन्या घड्याळाची मोठी, खरबरीत चावी लावली. आता निर्जीव उजवा हात घड्याळ पक्कं धरून ठेवायचा आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी बाई चावी द्यायच्या. पहिल्या सकाळी त्यांना पाव तास लागला. अण्णा मदतीला वाकले, तर बाईंनी त्यांच्या हातावर चापट मारली. "याला तुम्ही हात लावायचा नाही. एवढं एक माझं आहे," त्या म्हणाल्या. अण्णा दुखावले, पण हात लावला नाही. बाईंनी त्या दिवशी मला तीनदा बोलावून किती वाजले ते सांगितलं.

मला वाटतं, पुढचं सगळं त्या चापटीपासून सुरू झालं. पुण्याला चावीच्या घड्याळांचा नाद असणारी मंडळी वर्षातून एकदा जमतात. अण्णा फोनवरून त्यांच्यात होते, फोटो पाठवत, भांडतही. त्या वर्षी त्यांनी अण्णांना आग्रहाचं बोलावणं केलं. अण्णांनी नेहमीचं उत्तर दिलं, की बाईमुळं जमत नाही. बाईंनी ते ऐकलं. माझ्यादेखत त्या म्हणाल्या, "तुम्ही जा. ही माझ्याजवळ थांबेल. मला एक दिवस द्या." अण्णा म्हणाले, "तुला काय करायचाय एक दिवस?" बाई म्हणाल्या, "काहीच नाही. नुसता हवा आहे." अण्णांना वाटलं, बाई आपल्यासाठीच म्हणतेय. मलाही तसंच वाटलं.

मी रजा टाकली. अण्णांनी औषधांची यादी मला दोनदा वाचून दाखवली, तिसऱ्यांदा माझ्याकडून म्हणून घेतली आणि घड्याळांचा डबा पोटाशी धरून रिक्षात बसले. ते गेल्यावर बाईंनी मला खिडकी उघडायला सांगितलं, मग दार लोटून माझ्या घरी जायला सांगितलं. "हाक मारली तर ये," म्हणाल्या. मी घाबरले, पण गेले. तासाभरानं बघायला आले तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत पडल्या होत्या आणि जुनी कुठलीतरी शाळेतली कविता पुटपुटत होत्या. मला बघून गप्प झाल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मी पाऊल मागं घेतलं आणि तेवढ्यात गल्लीत रिक्षा थांबली.

अण्णा डबा घेऊन परत आले होते. गाडी चुकली, म्हणाले. बाईंनी मनगटावर बघितलं. नगरच्या स्टँडवरून पुण्याला दर थोड्या वेळानं गाडी आहे, हे भिंगारच्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. बाई फक्त म्हणाल्या, "असू द्या. हातपाय धुऊन घ्या." आणि अण्णांनी खिडकी लावून घेतली, वारं लागेल म्हणून.

ते मोरीत गेले तेव्हा बाई मला म्हणाल्या, "गाडी चुकली नाही. त्यांच्यानं जाववलं नाही. मला कळलं, हे त्यांना कधी सांगू नकोस." नाही सांगणार, मी म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "सगळे म्हणतात, माझ्यापायी ते अडकले. मी कुणापायी अडकले, ते मी कुणाला सांगू?" एवढं चांगलं माणूस, त्याच्याविरुद्ध तक्रार तरी कुठल्या तोंडानं करायची, ही त्यांची अडचण मला तेव्हा समजली. समजून मी काय केलं? काही नाही. पुढच्या वर्षी बघू, म्हटलं.

पुढच्या वर्षी यादीत माझं नाव आलं. निरोप घ्यायला गेले तेव्हा अण्णा म्हणाले, "बसले की न्हाई काटे," आणि खरोखरीच आनंदानं हसले. बाईंनी माझा हात डाव्या हातात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला सामान भरायचं होतं. मी सोडवून घेतला, याची मला अजून लाज वाटते. पुढं वर्ष-दीड वर्षानं बाई गेल्या. झोपेतच गेल्या. अण्णा उशाशी बसलेले होते.

त्यानंतरच्या मेळाव्याला मीच त्यांना गळ घालून पुण्याला आणलं. एका शाळेचा हॉल होता. पांढऱ्या कापडावर त्यांची घड्याळं मांडली तेव्हा गर्दी लोटली. चांगले शिकलेसवरलेले लोक डोळ्याला भिंग लावून वाकून बघत होते आणि अण्णांना सर म्हणत होते. कुणी घड्याळजी म्हणालं, तर त्यांनी आपलं खाजेचं उत्तर दिलं आणि हॉल हसला. मला इतकं बरं वाटलं, की मी यजमानांना फोन करून सांगितलं.

मग अण्णा उठले आणि डबा भरायला लागले. शेजारच्या माणसाला म्हणाले, "निघतो. बाई एकटी हाय." तो माणूस समजुतीनं बाजूला सरकला. हॉलमध्ये फक्त मला ठाऊक होतं, की बाईंना जाऊन आठ महिने झाले आहेत. मी काही बोलायच्या आत त्यांच्या स्वतःच्याच ध्यानात आलं. ते डबा मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. मी जवळ जाऊन बसले. लोक येत होते, काही विचारत होते; अण्णा डब्यातली घड्याळं सरळ करत होते.

मग मला म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी गाडी चुकली न्हवती. बसलो हुतो मी गाडीत. उतरलो." मी मान हलवली. त्यांनी विचारलं, "बाईला कळलं हुतं का?"

बाईंना मी शब्द दिला होता. पण त्या माणसाशी खोटं बोलायला माझी जीभ रेटेना. कळलं होतं, मी म्हटलं, आणि तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या.

अण्णांनी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "एकच दिवस मागितला हुता तिनं," ते म्हणाले. "लई न्हवतं मागितलं."