तिच्या घरचे दाणे

दोन हजार तेवीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. आधार कार्डावर अडुसष्ट आहे. कार्ड काढणाऱ्याने मला न विचारता लिहून टाकलं आणि मी भांडलो तरी बदललं नाही. मी तिसरीपर्यंत शिकलो आहे. लिहितो ते सावकाश आणि मोठ्या अक्षरात, पण जे लिहितो ते माझं मीच लिहितो.

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत माझी नात पाड्यावर आली. ती जव्हारच्या कॉलेजात मोठी परीक्षा देत होती. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, मोखाड्याला नोकरीला आहे. तिथे पंखा आहे, नळ आहे, तरी ती सुटीत माझ्याकडेच येते. पिशवीत चार पुस्तकं होती. अमेरिकेतली, जुनी, आमच्या पणज्याच्या काळातली. ती ओटीवर बसून इंग्रजीत वाचायची आणि मग मला आमच्या बोलीत सांगायची. मी अंबाडीचा दोर वळत ऐकायचो.

चारही पुस्तकांत एक माणूस गावाबाहेर होता. एकात बाई, एकात काळा माणूस, एकात कोणाशी न बोलणारा म्हातारा, एकात बापाचा पत्ता नसलेली पोर. गाव त्यांच्याकडून कामं करून घ्यायचं आणि त्यांच्याकडे बघायचं नाही.

मी म्हटलं, "अमेरिकेत असलं नसतं. तिकडे सगळ्यांकडे मोटारी."

"तेव्हा नव्हत्या, आजा. तेव्हा तिकडेही पाडेच होते. पंच होते, देऊळ होतं."

"मग त्या पंचांना काम कळत नव्हतं. बाईला काढायचं तर आधी तिच्या माहेरी निरोप धाडायचा. भावांना बोलवायचं. त्यांच्यासमोर बोलायचं."

ती हसली. "तुला घ्यायला हवा होता त्यांनी पंच म्हणून."

"घेतला असता तर गाव नीट चाललं असतं," मी म्हटलं. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

तिला त्या पुस्तकांवर वीस पानं लिहून द्यायची होती. तिच्या मास्तरणीने एक प्रश्न घातला होता, की या माणसांना बाहेर कोणी टाकलं. वर्गातल्या सगळ्यांनी लिहिलं, समाजाने. मास्तरणीने सगळ्यांचे कागद परत दिले. म्हणाली, समाज म्हणजे कोण ते सांगा. कोण उठला, कोण काय बोलला, ते पुस्तकात शोधा.

नात म्हणाली, "पुस्तकात सापडत नाही, आजा. पहिल्या पानावर ती बाई आधीच बाहेर असते. म्हणून मी काल ओहोळापलीकडे गेले होते."

माझा दोर हातातच राहिला.

आमच्या पाड्यात तेव्हा तेवीस घरं होती. बावीस अलीकडे आणि एक ओहोळाच्या पलीकडे. त्या घरात एक बाई एकटी राहते. माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान असेल. गावाने तिला भुताळी ठरवून वाळीत टाकलं त्याला तेव्हा अडतीस वर्षं झाली होती. आता कायदा आहे, कोणी तोंडाने वाळीत म्हणत नाही. पण तिच्या शेतात भाताच्या आवणीला कोणी जात नाही, तिच्या खळ्यात कोणी पाय ठेवत नाही, आणि ती वाटेने आली की बाया कडेवरच्या पोराचं तोंड दुसरीकडे फिरवतात. नवरा तिचा पहिल्याच वर्षी वीटभट्टीवर गेला तो आला नाही.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"म्हणाली, तुझ्या आजाला विचार. दाणे गोळा करायला तोच फिरला होता. माझ्या दारी तो आलाच नव्हता."

मी म्हटलं, "तू तुझ्या अमेरिकेचं बघ." आणि उठून बैलाकडे गेलो. बैलाला वैरण होती. तरी मी तिथे बराच वेळ उभा राहिलो.

आता जे झालं होतं ते लिहितो.

मी तेहतीस वर्षांचा होतो. आवणीचे दिवस. पाड्यातले पाच बैल एकापाठोपाठ मेले, आणि मग माझ्या थोरल्या भावाची पाच वर्षांची पोर तापाने गेली. गावकीने भगताला बोलावलं. भगताने सांगितलं, प्रत्येक घरातून चिमूटभर तांदूळ आणा. घरच्या बाईने स्वतःच्या हाताने द्यायचे. एका घराचा एक पळसाच्या पानाचा द्रोण, आणि घरं ज्या ओळीने आहेत त्याच ओळीने द्रोण मांडायचे. मग तो दाणे पाण्यात सोडणार. ज्या द्रोणाचे दाणे वर राहतील ते भुताळीचं घर.

दाणे आणायला कोण जाणार असं विचारलं तेव्हा मी उठलो. पाड्यात माझ्याएवढं भरभर कोणी चालत नव्हतं आणि ते मी सगळ्यांना सांगत असे. त्या दिवशीही म्हणालो, भगताची चिलीम संपायच्या आत येतो.

बावीस घरं केली. पहिला द्रोण माझ्याच घरचा, माझ्या बायकोने भरला. मग ओहोळावर आलो तर पाणी छातीच्या वर, लाल, झाडाच्या फांद्या घेऊन चाललेलं. पलीकडे तिचं घर दिसत होतं. हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात माझी हाक मलाच ऐकू येईना. परत जाऊन सांगायला हवं होतं, की पाणी आहे, जाता आलं नाही. एवढंच बोलायचं होतं. पण मी चिलीम संपायच्या आत येतो म्हणून गेलो होतो. माझी चुलत भावंडं तिथे बसली होती, ती वर्षभर हसली असती.

मी माझ्या घरच्या द्रोणातले अर्धे दाणे रिकाम्या द्रोणात ओतले आणि तो शेवटी ठेवला.

मला खरंच वाटलं होतं की त्याने काही होत नाही. ती बाई गरीब, नवरा गरीब, त्यांच्यावर कोणाचा डोळा नव्हता. भगत एकेक द्रोण सोडत गेला. माझा सोडला, दाणे तळाला गेले. सगळ्यांचे गेले. शेवटचा सोडला आणि तांदळाचे चार दाणे वर राहिले, गोल फिरत.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर तिला बोलावलं. ती ओल्या लुगड्याने आली. तिला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, "माझ्या घरचे दाणे कोणी घेतलेच नाहीत." गावकीतला मोठा माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "तू घेतलेस ना?"

मी म्हटलं, "घेतले."

ती माझ्याकडे बघत राहिली. "कोणी दिले तुला? मी दिले? कुठे उभी होते मी?"

"दारात," मी म्हटलं.

तेव्हापासून तो शेवटचा द्रोण माझ्या घरात शिरला. कारण मला ठाऊक होतं की ते दाणे माझ्या बायकोच्या हातचे. दाणे खरं बोलले असतील तर घर माझं, आणि हात तिचा. भावाची पोर आमच्याच ओटीवर खेळायची, माझ्या बायकोच्याच मांडीवर झोपायची. मी हे कोणाला बोललो नाही. पण भाकरी पुढ्यात आली की पहिला तुकडा कुत्र्याला टाकायचो आणि बघत बसायचो. लोकांना वाटे, याला कुत्र्याची माया. असं किती वर्षं केलं ते सांगत नाही. एकदा ती चुलीपासून मान न वळवता म्हणाली, "कुत्रं उभं आहे. आता तू जेव." त्यानंतर मी ते सोडलं, पण तिच्या मनातून ते गेलं नाही. शेवटपर्यंत ती माझ्यासमोर आधी स्वतः एक घास खायची, मग मला वाढायची. दोन हजार सतरा साली गेली. काय झालं होतं ते तिने कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

आणि रोज संध्याकाळी ओहोळापलीकडे धूर. दिसला की मला राग यायचा. एखाद्या दिवशी दिसला नाही तर भाकरी गिळवायची नाही, ओटीवर येऊन बघायचो, परत आत जायचो, परत यायचो. पावसाळ्यात ओहोळाला पाणी आलं की त्या आवाजात मला तिचं बोलणं ऐकू येतं. कुठे उभी होते मी. अजून येतं. मी जव्हारला मुलाच्या सासऱ्याकडे राहून पाहिलं, तिथे ओहोळ नाही, तरी आलं.

सुटी संपायच्या आदल्या दिवशी दुपारी नातीने कागद गोळा केले. मला म्हणाली, "बरं, मी समाजानेच लिहिते. सगळ्यांनी तेच लिहिलंय."

तिने ते मला टोचायला म्हटलं की थकून, ठाऊक नाही. पण मला ते लागलं. गावकीत, भावकीत, बांधाच्या भांडणात मी कधी दुसऱ्याच्या मागे उभा राहिलो नाही. आणि या एका ठिकाणी मी अडतीस वर्षं बावीस घरांच्या मागे उभा होतो.

मी म्हटलं, "समाजाने नको. तुझ्या आजाने लिही." आणि जे वर लिहिलं ते तिला सांगितलं. कुत्र्याचंही सांगितलं.

मी थांबल्यावर ती म्हणाली, "आजा, तुझा द्रोण तळाला गेला?"

"गेला."

"आणि शेवटचा वर राहिला. दोन्हीत दाणे एकाच घरचे, एकाच मुठीतले?"

"हो."

"मग दाणे काय बोलले?"

मी एकाहत्तर वर्षांचा माणूस. बैलाचे दात बघून वय सांगतो, दोन पाड्यांचे बांध मी पावलांनी मोजून दिले आहेत. हे मला अडतीस वर्षांत सुचलं नव्हतं. तिला एका श्वासात सुचलं. मी भिंतीला पाठ लावून बसलो. माझी बायको मला चुलीपाशी दिसली, पाठमोरी. तिला हाक मारून हे सांगावं असं वाटलं, आणि चूल तर सकाळपासून थंड होती.

नात जवळ आली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. "मला सांगून काय उपयोग? मी आहे का वाळीत?"

त्या संध्याकाळी ऊन असतानाच, वाघदेवाची पूजा कशी करायची म्हणून गावकी बसली होती. मी जाऊन सगळ्यांसमोर उभा राहिलो. त्या वेळचे तिघेच उरले होते, बाकी त्यांची मुलं. मी सांगितलं.

मग माझा चुलत भाऊ, ज्याच्या हसण्याला मी भ्यालो होतो तोच, म्हणाला, "म्हातारा झालास. आता हे उकरून काय मिळणार? भगतही मेला."

"ती मेलेली नाही."

"तिला आता कोण वाळीत म्हणतं? रेशन घेते, मत द्यायला जाते."

"मग तिचं भात अजून उभं का? सगळ्यांची कापणी झाली. दाणा गळायला लागला."

एक तरुण मागून म्हणाला, "काका, दाणे तुमच्या घरचे होते तर भुताळी तुमच्याच घरात निघाली की. तुमच्या नातीशी जपून बोलायला हवं आता." दोघे-तिघे हसले.

मी म्हटलं, "दोन द्रोणांत माझेच दाणे होते. एक बुडला, एक तरंगला. कोणता खरा ते तू सांग. तू बारावी शिकलास."

गावकीचा आत्ताचा मोठा मध्ये पडला. "पूजा होऊ दे. मग बघू."

"बघू नाही. उद्या तिच्या शेतात कोण येणार ते सांगा."

चुलत भाऊ उठला आणि अंगरखा झटकला. "तू जा. आणि तिथून आलास की आमच्यात बसायला येऊ नकोस. रीत तुला ठाऊक आहे, तूच आम्हाला शिकवत होतास."

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीची जीप यायच्या आधी मी विळा घेतला आणि ओहोळ ओलांडला. पाणी घोट्याएवढं होतं. अलीकडच्या बांधावर चार-पाच जण दात घासत उभे होते, त्यांना दिसेल अशा बाजूने मी तिच्या शेतात उतरलो आणि कापायला लागलो. दोन ओळी झाल्यावर ती बाई घरातून आली आणि कडेला थांबली. तिची पाठ वाकली आहे, मला माहीत नव्हतं, इतक्या जवळून मी तिला पाहिलंच नव्हतं.

मी म्हटलं, "तुझ्या घरचे दाणे मी घेतले नव्हते. काल गावकीत सांगितलं."

"हे तू मला सांगतोस?" ती म्हणाली. "मीच सांगत होते की."

मग तिने कापलेला भाग पाहिला, माझ्या हाताकडे पाहिलं.

"वरून कापतोस. पेंढा वाया जातो. बुडाशी काप."

भात कसं कापायचं हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. मी आणखी वाकलो आणि बुडाशी कापायला लागलो.